साडेबाराचं दूध

१

भट्टीवाल्याची आणि त्याच्या बायकोची गाठ दिवसातून दोनदा पडायची. सकाळी पंधरा मिनिटं, संध्याकाळी दीड तास. तो बेकरीत रात्रपाळीला पावाच्या भट्टीवर, ती हॉस्पिटलात दिवसपाळीला नर्स. सकाळी तो पिठाने पांढरा होऊन घरी यायचा तेव्हा ती तोंडात पिना धरून केस बांधत असायची. बाकीचा संसार फ्रिजच्या दारावर चालायचा. 'तुमचा दाढीचा ब्रश फेकला आहे, रडू नये.' 'कचऱ्यातून काढला आहे, आभारी आहे.' लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि भांडायला दोघांनाही सवड नव्हती. त्यामुळे संसार सुखाचा चालला होता असं म्हणायला हरकत नाही.

त्या दिवशी तो पंधरा मिनिटं उशिरा आला. बायको खांद्याला पर्स अडकवून, कपाळाला आठ्या घालून दारातच उभी होती. त्याने कोटाच्या आतल्या खिशातून हात बाहेर काढला. हातात मांजराचं पिल्लू होतं. राखाडी, डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. बेकरीच्या मागच्या बाजूला पावाच्या रिकाम्या क्रेटमध्ये ते एकटंच पडलं होतं. त्याने आडोशाला बसून त्याच्या आईची वाट पाहिली होती, वॉचमननेही पाहिली होती, पण कोणी आलं नव्हतं.

"जिवंत आहे का?" बायकोने विचारलं.

"मघाशी होतं."

तिने पर्स खाली ठेवली आणि पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं. "नाळ आहे अजून. चार-पाच दिवसांचं असेल." मग, अकरा वर्षांत एकदाही उशीर न केलेल्या त्या बाईने हॉस्पिटलात फोन करून दोन तास उशीर होईल म्हणून सांगितलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पावडरीचा डबा दिला आणि बिनसुईची सिरिंज दिली. दर तीन तासांनी दूध द्यायचं, पोटावर पालथं धरून, चार-चार मिली. नंतर कोमट ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची. खाली गरम पाण्याची पिशवी ठेवायची. "आईविना एकटं पिल्लू आहे," त्या म्हणाल्या. "दोन आठवडे काढलेत तर जगलं म्हणा."

इस्त्रीच्या छोट्या खोलीत खोकं ठेवलं गेलं. खोलीला एकच दार, खिडकीला जाळी. दारावर बायकोने पट्टीने आखलेला कागद चिकटवला. वेळ, दूध, वजन, सही. "वॉर्डात आमच्याकडे असं असतं," ती म्हणाली. "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही. आणि सही नाही म्हणजे लिहिलंच नाही. कळलं का?"

"कळलं, सिस्टर," तो म्हणाला. तिला राग आला की तो तिला सिस्टर म्हणायचा, आणि न आला तरी म्हणायचा. रात्रीची दुधं तिच्याकडे आली आणि दिवसाची त्याच्याकडे. म्हणजे झोपेतून उठून साडेनऊ, साडेबारा आणि साडेतीन. पिल्लाचं वजन एकशे अठरा ग्रॅम भरलं. दोघंही त्या आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

२

तिसऱ्या दिवशी त्याला जाग आली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. साडेबाराचा गजर कधी वाजला आणि कधी बंद झाला याचा त्याला पत्ताच नव्हता. तो अनवाणीच इस्त्रीच्या खोलीकडे धावला.

पिल्लू झोपलं होतं. पोट टम्म फुगलेलं, कानामागचे केस ओलसर. पिशवी गरम होती. दारावरच्या कागदावर साडेबाराच्या रकान्यात चार लिहिलं होतं, वजनही लिहिलं होतं. सहीची जागा तेवढी रिकामी होती.

तो डोकं खाजवत उभा राहिला. म्हणजे आपणच उठलो, दूध पाजलं, लिहिलं आणि परत झोपलो. यात अशक्य काही नव्हतं. बेकरीत एकदा त्याने उभ्या उभ्या झोपून चाळीस ट्रे भट्टीतून काढले होते आणि एकही पाव करपला नव्हता. त्याचे हात त्याच्याशिवायही कामाला लागायचे, याचा त्याला थोडा अभिमानच होता. आकडे जरा जाड उमटले होते, पेन दाबून दाबून लिहिल्यासारखे. झोपेत माणूस दाबूनच लिहीत असेल.

संध्याकाळी बायकोने कागद वाचला. "अहो, साडेबाराची सही कुठंय?"

"राहिली असेल."

"राहते कशी? ज्याने केलं त्यानेच करायची."

त्याने खिशातून पेन काढलं आणि सही केली. आपण केलं हे आठवत नाही, असं सांगितलं असतं तर तिने रजा टाकायला लावली असती, किंवा पिल्लू दुसऱ्या कोणाला देऊन टाकलं असतं. ते त्याला नको होतं. खरं सांगायचं तर गेल्या तीन दिवसांत ती दोघं गेल्या तीन वर्षांपेक्षा जास्त बोलली होती.

३

पुढे ते रोजचंच झालं. साडेनऊला तो उठायचा, दूध पाजायचा, झोपायचा. साडेबारा वाजून जायचे. कागदावर आकडा असायचा, सही नसायची, आणि तो जांभई देत सही करून टाकायचा. एकदा साडेतीनचंही तसंच झालं. तो मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायचा. असा नवरा दिवा लावून शोधला तरी मिळणार नाही, असं त्याने बायकोला ऐकवलंसुद्धा.

पिल्लू अंगाला लागत होतं. एकशे अठराचं एकशे साठ, मग एकशे नव्वद. बायको रोज आकडा वाचून हसायची आणि वॉर्डातल्या बायकांना सांगायची.

जिन्यात एकदा खालच्या मजल्यावरचे मास्तर भेटले. रिटायर झाल्यापासून त्यांना लोकांच्या झोपेची फार काळजी.

"काय हो, दुपारी झोप लागत नाही वाटतं तुम्हाला?"

"लागते की. का?"

"नाही, फेऱ्या मारत असता ना. चार पावलं, मग थांबता. परत चार पावलं. आमची हरकत नाही बरं का. फक्त जरा जड पडतात पावलं."

"पिल्लू आणलंय एक," तो म्हणाला. "दूध पाजायला उठतो."

"असं होय," मास्तर म्हणाले, आणि दोघांचंही समाधान झालं. घरी आल्यावर भट्टीवाल्याने पलंगापासून इस्त्रीच्या खोलीपर्यंतची पावलं मोजली. ती अकरा भरली. मध्ये थांबण्यासारखं काही नव्हतं.

त्याच दुपारी त्याने पावडरीचा डबा उघडला आणि तो बुचकळ्यात पडला. पीठ मोजण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि डब्यात अजून दोन बोटं पावडर दिसत होती. कागदावर लिहिलेलं सगळं दूध या डब्यातून गेलं असतं, तर चमचा एव्हाना तळाला लागायला हवा होता. त्याने डबा हलवला, उजेडात धरला, झाकण लावलं. मग परत उघडला.

४

बायकोच्या सुट्टीच्या सकाळी त्याने डबा तिच्यापुढे ठेवला.

"हा दुसरा आणलास का?"

"नाही. का?"

"मग डबा संपला कसा नाही? पिल्लू पितंय तरी काय?"

ती हसायला गेली आणि थांबली. चहाच्या कपाकडे बघत म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचं होतं. रागावू नका. पहाटे साडेतीनचा गजर मला ऐकूच येत नाही हो. दोनदा, नाही, तीनदा झालं असं. सकाळी बघते तर कागदावर लिहिलेलं असतं. मला वाटलं, मीच उठले असणार झोपेत."

"सही?"

"सही नव्हती. मी केली नंतर." तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. वॉर्डात न दिलेल्या औषधावर सही करणारीला ती दारात उभी करत नसे. "मला वाटलं, तुम्हाला सांगितलं तर म्हणाल, सिस्टरला पिल्लू सांभाळता येत नाही."

त्याने उठून दारावरचा कागद काढून आणला. दोघांनी डोक्याला डोकं लावून तो पहिल्या ओळीपासून वाचला. ज्या दुधांची आठवण होती त्यांवर तिने पेन्सिलने टिंब दिलं, मग त्याने. शेवटी अकरा ओळी बिनटिंबाच्या उरल्या. अकराही ठिकाणी सह्या होत्या, त्याच्या आठ आणि तिच्या तीन. आकडे सगळीकडे सारखेच जाड होते आणि कागदाच्या मागच्या बाजूने बोटाला लागत होते.

"किल्ली आणखी कोणाकडे आहे?" तिने विचारलं.

"कोणाकडे नाही."

इस्त्रीच्या खोलीत पिल्लू झोपेत चोखल्यासारखा आवाज करत होतं. तिने नवऱ्याचा हात धरला. भर सकाळी, ऊन घरात आलेलं असताना, दोघांना आपल्याच घरात मोठ्याने बोलायची भीती वाटत होती.

५

कुलूप बदललं. खोकं पलंगाशेजारी आणलं. दोघांनी आळीपाळीने रजा टाकल्या. एक झोपलं की दुसऱ्याने जागं राहायचं, असं ठरलं, आणि ते त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाळलं. कोणी आलं नाही. कागदावर परका आकडा उमटला नाही.

पण पिल्लाने दूध सोडलं. सिरिंज ओठाला लावली की ते तोंड घट्ट मिटायचं आणि मान फिरवायचं. जबरदस्तीने थेंब आत ढकलला तर तो नाकातून बाहेर यायचा. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे ऐंशी, एकशे एकाहत्तर. दुसऱ्या दिवशी ते ओरडेनासं झालं. नुसतं तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही, आणि तेही त्यांच्याकडे नव्हे, दाराकडे तोंड करून.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, कान पाहिले, तोंडात बोट घालून पाहिलं. "आजार काही नाही. इतकं छान वाढत होतं. मध्ये काही बदल केलात का?"

"जागा बदलली," बायको म्हणाली. "आणि… वेळा."

"मग आधी जे चाललं होतं तेच परत चालू करा. आजची रात्र अशीच गेली तर उद्या आणायचा त्रास घेऊ नका."

रिक्षात बायको पिल्लाला पदराखाली धरून बसली होती. जिना चढताना ती म्हणाली, "मी ड्युटीवर जाते. तुम्ही झोपा."

"सिस्टर, तुला कळतंय ना, तू काय म्हणतेस ते?"

"मग दुसरं काय करू, ते सांगा." ती रडत होती. "माझ्या हातात मरतंय हो ते."

त्याने खोकं उचलून इस्त्रीच्या खोलीत नेऊन ठेवलं.

६

झोप म्हटलं की झोप येत नाही. भट्टीवाला पलंगावर डोळे मिटून पडला होता आणि इतकी वर्षं आपण रोज हे कसं जमवलं याचंच त्याला नवल वाटत होतं. उशीखाली फोन. पडद्यातून येणारं ऊन पापण्यांवर लाल दिसत होतं. पळून जावंसं वाटत होतं. पिल्लासाठी तो पडून राहिला, आणि हेही खरं की उठायचं धैर्य होत नव्हतं.

कधीतरी गुंगी आली. मग गजर वाजला. तो हलला नाही. गजर तीनदा वाजला आणि चौथ्या वेळी मध्येच बंद पडला. फोन त्याच्या कानाखाली, उशीच्या आत होता.

इस्त्रीच्या खोलीतून पिल्लाची बारीक किंकाळी आली. दोन दिवसांनी आलेली पहिलीच. मग ती तुटली आणि घोट घेतल्याचा आवाज सुरू झाला. नळ वाजला नव्हता. डब्याचं झाकण वाजलं नव्हतं. घोट मात्र एकामागून एक, अधाशासारखे चालले होते आणि त्याही अवस्थेत त्याच्या जिवात जीव आला. पितंय, असं त्याने मनात म्हटलं. पिऊ दे. मग वजनकाट्याची पिक् आली. मग कागदावर पेन सावकाश, दाबून फिरलं.

चार पावलं. थांबली. चार पावलं. थांबली. मग तीन.

उशीजवळ पलंग खाली दबला. भट्टीचं दार उघडल्यावर येते तशी ऊब तोंडावर आली, पण तिला पावाचा वास नव्हता, जुन्या दुधाचा होता. डोळे उघड, असं त्याची अक्कल त्याला सांगत होती. चोर असेल, वेडी बाई असेल, स्वप्न असेल, उघडून एकदाचं बघ. आणि उघडले तर हे निघून जाईल, परत येणार नाही, मग पिल्लाचं काय, असंही तीच अक्कल विचारत होती. तेवढ्यात त्याच्या डाव्या डोळ्यावरून काहीतरी खरबरीत आणि ओलं फिरलं. नाकाकडून कानाकडे, एकदा, दोनदा, निगुतीने.

त्याने पापणी केसभर उचलली. समोर राखाडी होतं, इतकं जवळ की त्याला कड दिसत नव्हती. आणि चेहरा असायला हवा तिथे, त्याच्या तळहाताएवढ्या दोन पापण्या होत्या. घट्ट मिटलेल्या, कडांना चिकटलेल्या. त्या कधीच उघडलेल्या नसाव्यात.

त्याच्या ओठांवर कोमट थेंब पडला.

नंतर एकदम चार वाजले होते. त्याला पोट जड लागत होतं आणि फार वर्षांनी गाढ झोप झाल्यासारखं वाटत होतं. कागदावर साडेबाराला सहा लिहिलं होतं, वजन एकशे सत्त्याहत्तर. त्याच्याखाली, जिथे ओळ आखलेली नव्हती तिथे, तशाच जाड आकड्यांत नव्वद लिहिलं होतं आणि वजनाच्या रकान्यात एकाहत्तर. तो न्हाणीघरातल्या काट्यावर जाऊन उभा राहिला. काटा एकाहत्तर किलोवर थांबला.

७

पिल्लाचे डोळे दुसऱ्या दिवशी उघडले. निळे, गढूळ, कुठेच नीट न बघणारे. त्या दिवसापासून ते बायकोच्या हातून सिरिंज ओरबाडून दूध प्यायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हे जगलं. कागदावर साडेबाराला पिल्लाची जागा रिकामी राहू लागली. खालची ओळ मात्र रोज भरत होती. नव्वद, एकशे दहा, एकशे तीस.

भट्टीवाल्याने बायकोपासून लपवलं नाही. लपवण्यासारखं त्याला नीट काही कळलंच नव्हतं. "मी झोपतो, उठतो तेव्हा पोट भरलेलं असतं," एवढंच तो सांगू शकला. बेकरीत पाळी संपताना गरम पावाचं टोक मोडून खायची त्याची जुनी सवय, पण आता तो वास आला की मळमळायचं.

"पिल्लू वाचलं," बायको म्हणाली. "आता हे बंद."

तिने लांब रजा टाकली आणि त्याच्या उशाशी खुर्ची टाकून बसली. तो झोपला की ती जागी. कोणी आलं नाही. पहिल्या दिवशी तिने भात कालवून दिला, तो त्याने ताटातच चिवडला. दुसऱ्या दिवशी सूप दिलं. एकाहत्तरचे एकोणसत्तर झाले, मग साडेसहासष्ट. तिने त्याला स्वतःच्या हॉस्पिटलात नेलं, रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. डॉक्टर रिपोर्ट चाळून म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, जरा विश्रांती घेऊ दे यांना.

चौथ्या दिवशी सकाळी त्याला उठवेना. ती पलंगाच्या कडेला बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमचा ओठाला लावला.

"घ्या. एकच. माझ्यासाठी."

त्याला घ्यायचं होतं. अगदी मनापासून घ्यायचं होतं. पण ओठ घट्ट मिटले आणि मान आपोआप पलीकडे वळली. सूप हनुवटीवरून उशीवर सांडलं. बायकोने ते पुसलं नाही. ती त्याच्या वळलेल्या मानेकडे बघत राहिली.

बऱ्याच वेळाने तिने चमचा वाटीत ठेवला. पदराने त्याची हनुवटी पुसली, उशी सारखी केली, पडदा ओढला. "मी पिल्लाला घेऊन खाली मास्तरांकडे जाऊन बसते," ती म्हणाली. आवाज वॉर्डातला होता, शांत, पण डोळे तसे नव्हते. "दोन वाजता येते. तुम्ही झोपा."

"किती वाजले?"

"सव्वाबारा."

तिला थांबवावं असं त्याला वाटलं. तिला थांबवलं तर आपण मरू, हेही त्याला कळत होतं, आणि तिलाही ते कळलं होतं. तिने वाकून त्याच्या कपाळावर गाल टेकवला. मग बाहेरच्या खोलीत खोकं उचलल्याचा आवाज आला, पिल्लू एकदा ओरडलं, आणि कडी अगदी हळू, झोपलेल्या पोराची झोप मोडू नये अशी, लागली.

जिन्यात तिची पावलं अजून ऐकू येत होती. तिला हाक मारावी म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं ठेवून तो पडून राहिला.